हाताशी ठेवलेली बेल

“अगं, हे मला सांग की. त्यांना काय सांगतेस?”

सात नंबरच्या आजी एवढंच म्हणाल्या. रागावून नाही, टोमणा मारूनही नाही; रस्ता चुकलेल्याला आपण ‘इकडून नाही, तिकडून’ म्हणतो ना, तशा सुरात. पण वॉर्डची सिस्टर फिसकन हसली, आजींना पलीकडून आधार देत उभी असलेली मावशी तोंडाला पदर लावून हसली, आणि नोकरीसाठी चादर बदलण्याची परीक्षा देत असलेल्या तिच्या कानाच्या पाळ्या जाळ लागल्यासारख्या तापल्या. मेट्रनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. हातातल्या पॅडवर त्यांचं पेन चालू होतं तसंच चालू राहिलं. ती नुकतीच म्हणाली होती, “मी आता पेशंटला आपण काय करणार आहोत ते समजावून सांगते.” हे वाक्य तिने मेट्रनबाईंकडे बघून, ठणठणीत आवाजात म्हटलं होतं. आणि ज्यांना समजावून सांगायचं होतं त्या आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, एका हाताला सलाईन लावलेल्या, तिच्या पोटाच्या उंचीवर उताण्या पडून हे सगळं ऐकत होत्या.

आता चादर बदलून झाली होती, आणि ती बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसली होती. बाक लोखंडी होता, भोकाभोकांचा, आणि बसल्याबसल्या त्याचा गारवा मांड्यांत शिरत होता. समोरच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत हिरवा रंग होता, त्यावर पांढरा, आणि दोन्हींच्या सीमेवर स्ट्रेचरच्या कडा घासून घासून एक करडी रेघ उठली होती. ती त्या रेघेकडे बघत होती. नोकरी मागायची तिची ही तिसरी जागा. पहिल्या दोन्ही दवाखान्यांत टेबलापलीकडून एकच प्रश्न आला होता, अनुभव किती? पदवीची शाई वाळायची आहे अशांना नोकरीशिवाय अनुभव कुठून मिळणार, हे तिने एके ठिकाणी नम्रपणे विचारूनही पाहिलं होतं. तिथल्या साहेबांनी तितक्याच नम्रपणे तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. इथे मात्र नव्या मुली घेत. कागद बघत नाहीत, हात बघतात, असं या दवाखान्याबद्दल वर्गात बोललं जायचं. आणि तिला वाटलं होतं, हातांचं काय, हात आपले चांगले आहेत.

हात चांगले होतेच. मळकी चादर तिने लांबीत गुंडाळून आजींच्या पाठीशी आणली, नवी तिच्या कडेला लावून अर्धी पसरली, आजींच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी घट्ट बसवली, मावशीला म्हणाली, “आता तुमच्याकडे,” आणि आजी त्या गुंडाळीवरून पलीकडे वळल्या. चादरीला एक सुरकुती नव्हती. हे सगळं तिला आत्ताही जसंच्या तसं आठवत होतं, बोटांना कापडाची खळ लागली होती तीसुद्धा. पण तिचं तोंड! चार वर्षं तिने ज्या पेशंटवर परीक्षा दिल्या तो पेशंट प्लास्टिकचा होता. वर्गातल्या मुली त्या पुतळ्याला मालकीणबाई म्हणायच्या, कारण ती दिवसभर पडून असायची आणि सगळ्यांकडून सेवा करून घ्यायची. मालकीणबाईला सांगून काय उपयोग? जे सांगायचं ते परीक्षकांना सांगायचं. मी हात धुते. मी पडदा ओढते. मी पेशंटला माझं नाव सांगते. म्हटलं की मार्क. हळूहळू नळाला पाणी नसलं तरी हात धुतले जाऊ लागले, आणि खोलीला पडदा नसला तरी तो ओढला जाऊ लागला. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं समजा, असं त्यांच्या बाई बजावून सांगायच्या. आणि जे बोललो पण केलं नाही, त्याचं काय समजायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही, आणि तिला तर प्रश्न विचारायची वाईट खोड होती.

घरी मालकीणबाईचं काम बाबा करायचे. बाबा शाळेच्या मुलांची गाडी चालवत. दुपारच्या फेरीनंतर ते खाटेवर आडवे व्हायचे, आणि परीक्षा जवळ आली की ती त्यांना आडवं पडूनही स्वस्थ पडू द्यायची नाही. गंमत म्हणजे घरात माणसं तीनच, त्यातल्या आत्याने पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलेलं, म्हणून पेशंटही बाबाच आणि परीक्षकही बाबाच. ते उठून बसायचे, चष्मा लावायचे, तिची यादी डोळ्यांपासून लांब धरून जाड आवाजात विचारायचे, “हात धुतले का?” ती म्हणायची, “धुतले.” “मार्क एक!” मग चष्मा काढून, यादी पोटावर ठेवून ते परत आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि इतके निपचित पडायचे की तिला त्यांच्या छातीकडे बघावं लागायचं. पेशंट झालेले बाबा बोलत नसत. त्यांच्या मते पेशंटने शहाण्यासारखं गप्प पडावं हीच परीक्षेला मदत. म्हणजे बोलणं व्हायचं ते बसलेल्या बाबांशी, आणि हात चालायचे ते निजलेल्या बाबांवर. एकाच माणसाशी आपण असं दोन तऱ्हांनी वागतो आहोत, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आत्याच्या आलं होतं. ओला कपडा झटकत ती दारातून म्हणाली होती, “बोलून कामं होत असती, तर मी हे धुणं बोलूनच धुतलं असतं गं बाई.” यावर बाबा डोळे मिटूनच म्हणाले होते, “पेशंटजवळ गोंगाट नको.” आणि तिघं हसली होती. त्या हसण्याचा उबदारपणा अजून कुठेतरी बरगडीखाली होता, आणि त्यालाच आता काहीतरी टोचत होतं.

काय टोचत होतं? आजींचं वाक्य तर होऊन गेलं होतं. फजिती झाली, झाली. तिने मन घट्ट करून ती फजिती उचलून बाजूला ठेवली, तरी टोचणं चालूच राहिलं, म्हणजे ते दुसरंच काही होतं. तिने शेवटापासून मागे जायला सुरुवात केली, प्रयोग फसला की करतात तशी. शेवटचं वाक्य कोणतं? “मी बेल पेशंटच्या हाताशी ठेवते.” हो. यादीतलं शेवटचं कलम. मेट्रनबाईंचं पेन तेव्हा हललं होतं, छोटी खूण करताना हलतं तसं. सिस्टर म्हणाली होती, “झालं? बस बाहेर.” आणि ती बाहेर आली होती. वाक्य अगदी लख्ख आठवत होतं, त्यातला श्वाससुद्धा. पण वाक्याच्या मागे काही नव्हतं.

बेल म्हणजे एक वायर, टोकाला अंगठ्याएवढं लाल बटण, आणि उशीला अडकवायला एक चिमटा. चादर बदलताना ती वायर मधे येत होती, म्हणून तिने स्वतः ती उशीवरून काढली होती. काढून पलंगाच्या डोक्याकडच्या लोखंडी हुकावर, सलाईनच्या खांबामागे अडकवली होती. हे पक्कं, कारण हुकाचा गार स्पर्श आठवत होता. मग परत काढली का? चिमट्याला स्प्रिंग असते, ती दाबताना अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जोर लागतो. तिने डोळे मिटून अंगठ्याला विचारलं. अंगठा काही सांगेना. उशी दाबून सारखी केल्याचं आठवलं. आजींच्या मानेखालचे केस अडकले होते ते सोडवल्याचं आठवलं, पातळ, मऊ, तेलाचा जुना वास असलेले केस. आणि त्यानंतर ते वाक्य. वाक्य इतकं भरीव होतं की त्याच्या जागी कृती होती की नव्हती ते कळतच नव्हतं, रंग दिलेल्या भिंतीत आधी खिळा होता की नव्हता ते कळत नाही तसं.

“काय पुटपुटतेयस?” शेजारून आवाज आला. ही तिच्याच वर्गातली. उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणायचे, आणि वॉर्डातल्या वरच्या फळीवरचं काहीही काढायला तिलाच पुढे करायचे. तिची चादर पाच नंबरच्या पलंगावर होऊन गेली होती.

“मी बेल ठेवली का गं?”

“मला काय माहीत? मी आत होते का? तू म्हणालीस का ठेवते म्हणून?”

“म्हणाले.”

“मग ठेवली असशील. हात आपोआप करतात ते.”

“आपोआप केलेलं आठवत कसं नाही?”

“आपोआप म्हणजे तेच ना बाई! शास्त्रज्ञ हो तू, नर्स नको होऊस.” शिडीने पाय लांब केले, समोरून येणाऱ्या ट्रॉलीसाठी ते परत आखडले. “मार्क मिळाला ना?”

“बहुतेक.”

“मग प्रश्नच मिटला.”

प्रश्न मिटला नव्हता. तो आत्ता कुठे नीट उभा राहिला होता. कारण ठेवली नसेल, तर तिकडे एक बाई उताणी पडली होती जिला आपलं आपण कुशीवर वळता येत नव्हतं, आणि बेल तिच्या डोक्यामागे हातभर अंतरावर लोंबत होती. पलंगाभोवतीचा पडदा तिने ओढून ठेवलेला होता. तो मात्र खरोखरच ओढला होता, हे तिला आठवत होतं. ती उठली.

“कुठे?” शिडीने तिच्या ओढणीचं टोक धरलं. “परत आत जायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि तेवढ्यात मेट्रनबाईंनी तुला खोलीत बोलावलं तर? दोन जागा आहेत, बाकावर पाच जणी आहोत. मोजता येतं ना?”

“येतं.”

“आत जाऊन काय सांगणार? मी चुकले, मार्क कापा? पुढची परीक्षा चालू असेल तिथे. सिस्टर असली तर तिला तरी सांग.”

सिस्टर दरवाज्याशी नव्हती. टेबलाशी बसलेले यादीवाले काका पानावर बोट ठेवून कुणाला तरी फोनवर ‘आज नाही, आज मुली घेतायत’ असं समजावत होते. तिने ओढणी सोडवून घेतली. काकांच्या पाठीमागून जाताना तिला एकदम लहानपणी उशिरा शाळेत शिरतानाचं आठवलं, बाबा गाडीतून सगळ्यांत शेवटी तिला उतरवायचे, बाकीच्या शाळांची पोरं वेळेवर पोचावीत म्हणून, आणि म्हणायचे, “तू आपली घरची आहेस, तुझं चालतं.” तेव्हा तिला रडू यायचं. आज त्याचं काय वाटतंय ते बघायला वेळ नव्हता.

वॉर्डच्या पलीकडच्या टोकाला मेट्रनबाई आणि सिस्टर पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि कुणीतरी मुलगी मोठ्या आवाजात सांगत होती, “मी हात धुते.” सात नंबरचा पडदा बंद होता. तिने तो जरासा सरकवला.

आजी जाग्या होत्या. त्यांचा मोकळा हात चादरीवरून फिरत होता. त्यात घाई नव्हती. आधी उशीच्या कडेला, मग कमरेशी, मग परत उशीला, बोटं पसरून, तळव्याने चाचपत, चष्मा कुठे ठेवला ते अंधारात शोधावं तसा. सुरकुती नसलेल्या त्या चादरीवर हाताच्या फिरण्याने आता बारीक लाटा उठल्या होत्या. आणि त्यांच्या डोक्यामागे, खांबाच्या आड, लाल बटण हुकावर शांत लोंबत होतं.

“आलीस?” आजी म्हणाल्या. “बरं झालं. मी मघापासून शोधतेय गं ती तुमची घंटा. तू म्हणालीस ना हाताशी ठेवलीय, म्हणजे असणार इथेच. माझ्याच हाताला गवसेना. म्हटलं, गेली आता ह्या हातांची अक्कल.”

तिला वाटलं होतं की आजी रागावतील, निदान चेष्टा करतील. दोन्हींची तयारी तिने दारातून आत येतायेता केली होती. याची केली नव्हती. माणसाने चादर चाचपून बघितली, घंटा नव्हती, आणि तरी त्याने चादरीवर नाही, स्वतःच्या हातावर संशय घेतला, कारण एका मुलीने ठणठणीत आवाजात सांगितलं होतं. ती खाली वाकली.

“तुमचा हात बरोबर आहे, आजी,” ती म्हणाली. “मी ठेवलीच नव्हती. नुसती म्हणाले.”

“असं होय!” आजींना केवढं तरी हायसं वाटलं. “मग ठीक आहे. मला वाटलं, मीच.”

तिने हुकावरून वायर काढली, खांबाच्या पुढून आणली. चिमटा दाबताना स्प्रिंगचा जोर अंगठ्याला लागला, आणि आपण हे मघाशी केलेलं नव्हतं हे अंगठ्यालाही पटलं. “ही बघा. उशीला लावतेय, या हाताच्या बाजूला. सापडते का बघा.” आजींनी न बघता हात नेला आणि बटणावर ठेवला. मग दोनदा काढून दोनदा परत ठेवला. वाट पाठ करतात तसं.

“कशाला हवी होती?”

“टाच. या पायाची. टाचेत नुसतं ठणकतंय, ऑपरेशन केलं वरती आणि बोंब खालतीच. पण तुम्ही सगळ्या त्या तिकडच्या परीक्षेच्या मुलीमागे. म्हटलं, असू दे, लग्नाला आल्यासारख्या गर्दीत कुठे टाच टाच करायचं.”

ती हसली. पायथ्याशी गेली, पांघरूण घोट्यापर्यंत वर केलं. टाच लाल झाली होती, नव्या कडक चादरीवर सबंध पायाचा भार घेऊन रुतली होती. “आजी, मी तुमचा पाय उचलतेय हं, दोन्ही हातांनी. तुम्ही काही करू नका, फक्त जड सोडा. दुखलं तर लगेच सांगा.” पाय तिच्या हातांत आला. बाबांचा पाय असा उचलताना ते डोळे मिटून असायचे. त्या वेळी त्यांच्या टाचेला काय वाटत होतं, हे आपण एकदाही विचारलं नाही, हे तिला आत्ता सुचलं; आज घरी गेल्यावर विचारायचं, असं तिने ठरवलं, आणि ते काय उत्तर देतील तेही तिला ऐकू आलं: मार्क एक. टॉवेलची घडी करून तिने पोटरीखाली सरकवली. टाच चादरीपासून बोटभर सुटी झाली, हवेत. आजींनी लांब श्वास सोडला.

“बोलतेस की चांगली,” त्या म्हणाल्या.

“सात नंबरला कोण आहे?” पडदा सर्रकन बाजूला झाला. मेट्रनबाई. त्यांच्या मागे सिस्टर, आणि आणखी मागे यादीवाले काका, हातातल्या यादीने वारा घेत. “मॅडम, हिला कधीचा पुकारतोय मी! बाकावर नाहीच!”

“मी बेल वाजवली,” आजी लगेच म्हणाल्या. लाल बटण त्यांनी मुठीत असं धरलं होतं की पुरावाच. “टाच दुखत होती. वाजवली, ही आली. तुम्ही तिकडे गुंतला होतात.”

मेट्रनबाईंनी वर बघितलं. प्रत्येक पलंगावर एक दिवा होता, बेल वाजली की पेटणारा. सातचा विझलेला होता. तिच्या मनात चटकन हिशेब झाला: आजी सांगताहेत, दिव्याचं काय, तो बंद पडलेलाही असू शकतो, दोन जागा आहेत, मी काही बोलले नाही तर मी खोटं बोलले असंही होत नाही. आणि हे असं, न बोलता, होऊन जाऊ शकतं.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “बेल यांच्याजवळ नव्हती. चादर बदलताना मी हुकावर अडकवली आणि तिथेच विसरले. तुम्हाला मात्र ठेवते म्हणून सांगितलं. आत्ता लावली.”

“अगं, गप्प बैस ना!” आजी म्हणाल्या. “मी इतकं जमवत आणलं होतं!”

सिस्टरने तोंड दुसरीकडे फिरवलं. मेट्रनबाई पायथ्याशी आल्या, पांघरूण उचलून त्यांनी टाचेकडे बघितलं, घडीखाली एक बोट घालून पाहिलं. पांघरूण परत ठेवलं. पॅडवर काहीतरी खोडलं. पेनाची आडवी ओढ तिला स्पष्ट ऐकू आली.

“बाहेर बस,” त्या म्हणाल्या.

बाक मघापेक्षा गार झाला होता. शिडीला मेट्रनबाईंच्या खोलीत बोलावून झालं होतं, ती घरी गेली होती. जाताना तिने लांबूनच ‘काय?’ असं हाताने विचारलं होतं आणि हिने नुसता जा म्हणून हात हलवला होता. बाकीच्याही एकेक करून त्या खोलीत जाऊन आल्या. काका तिचं नाव घेईनात, ते यादी खालून वर वाचत होते, वरून खाली वाचत होते. तिने भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. इतके स्ट्रेचर इथून गेले, आणि प्रत्येकाने जाताना थोडासा रंग नेला. चौथी जागा शोधावी लागेल, असं तिने मनात म्हणून पाहिलं. त्या वाक्याच्या मागे काय आहे ते तिने तपासलं. खूप वाईट वाटत होतं, हे होतं. पण त्याखाली आणखी एक काही होतं, तळव्यांत, एका पायाचं वजन, अजून न उतरलेलं, आणि ते वाईट नव्हतं.

तेव्हा आतून घंटा वाजली. बारीक, किरकिरी. वॉर्डच्या दारावरचा लाल दिवा लागला, त्याखालच्या काळ्या चौकोनात सात आकडा उमटला. काकांनी मान वर केली, परत खाली घातली. घंटा वाजतच होती. ती बाकाच्या कडेला सरकली आणि तिथेच थांबली, दोन्ही हात मांडीखाली घालून. आता पुन्हा आत जायचा तिला काही अधिकार नव्हता.

मेट्रनबाईंच्या खोलीचं दार उघडलं. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“ऐकू येत नाही का गं?” त्या खेकसल्या. “सातची बेल आहे.”

“मॅडम,” काका म्हणाले, “ही अजून उमेदवारांतली आहे. हिचं व्हायचंय.”

“झालंय तिचं. सोमवारपासून सकाळची पाळी लावा तिला.” आणि तिच्याकडे वळून, “बसतेस काय? पेशंट थांबलाय तिकडे.”

ती उठली. वॉर्डच्या दाराशी बेसिन होतं. तिने नळ सोडला. पाणी इतकं थंड होतं की मनगटापर्यंत झिणझिणी गेली. साबण, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. ती एक शब्दही बोलली नाही. हात निथळत धरून तिने कोपराने दार ढकललं, आणि पडदा उघडायच्या आधीच, आतल्या एकाच माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आले, आजी.”